वही कोणाच्या घरात? सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातलं ब्लॉकचेनचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं कॉस्टिंग मी बरीच वर्षं पाहतो. दर पावसाळ्यात तिथे एक भांडण ठरलेलं असायचं. डाइंगहून, म्हणजे रंगाईहून आलेलं रंगीत सूत काट्यावर बरोबर भरायचं आणि वाइंडिंगवर लडी उलगडून त्याचे शंकूसारखे कोन गुंडाळून आले की कमी भरायचं. या दोन वजनांच्या मध्ये सुताला हात लागायचा तो फक्त वाइंडिंगच्या बायकांचा. त्यामुळे सगळे त्यांच्याकडेच बघायचे. पगारातून कधी कापलं नव्हतं, पण दिवाळीच्या बोनसच्या वेळी तो विषय निघायचाच. एका वर्षी त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या, पदर झटकून दाखवला आणि म्हणाल्या, "साहेब, सूत काय आम्ही पदरात बांधून नेतो व्हय? वीस वर्षं झाली हितं." मी काहीच बोलू शकलो नाही. रजिस्टरात तूट दिसत होती आणि तूट खरी होती.

ती तूट कशाची होती हे पुढे कळलं, आणि ते कळायला निमित्त झालं अमेरिकेतल्या एका खरेदीदाराने लादलेल्या ब्लॉकचेनचं, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायच्या आणि मागाहून गुपचूप बदलता न येणाऱ्या डिजिटल वहीचं. ब्लॉकचेन वापरल्याने संस्थेची कामगिरी सुधारते का, हा प्रश्न हल्ली व्यवस्थापनाच्या प्रत्येक परिसंवादात असतो. मी एका कारखान्यापुरतं, जे हिशेबात दिसलं आणि काट्यावर उभं राहून पाहिलं, तेवढंच मांडतो. कारखान्याचं नाव देत नाही. ओळख पटेल असे तपशील आणि आतले आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत.

मागणी कुठून आली

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली. गिरण्या पुढे बंद पडल्या, पण तेलंगणातून आलेल्या विणकर घराण्यांनी हातमाग आणि मग यंत्रमाग चालू ठेवले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच परंपरेमुळे. आपला कारखाना अशाच एका घराचा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची मुलगी इचलकरंजीला वस्त्रअभियांत्रिकी शिकून आली, तिला कामगार ताई म्हणतात. सूत व्यापाऱ्याकडून येतं, रंगायला शहराच्या पूर्व भागातल्या डाइंगवाल्याकडे जातं, तिथून लडी परत आल्या की वाइंडिंग, वार्पिंग (उभं सूत बीम नावाच्या मोठ्या रुळावर भरणं), विणाई, शिलाई, पॅकिंग सगळं आत. निम्मा माल देशात खपतो, निम्मा मुंबईच्या बायिंग एजंटामार्फत अमेरिकेला जातो.

२१ जून २०२२ पासून अमेरिकेत एक कायदा लागू झाला. चीनच्या शिनजियांग प्रांतातला कापूस ज्या मालात थोडासाही असेल, तो सक्तीच्या मजुरीचा धरला जाईल आणि बंदरावरच अडवला जाईल. तसा नाही हे दाखवायची जबाबदारी आयातदाराची. आयातदाराने ती एजंटावर ढकलली, एजंटाने कारखान्यावर. खरेदीदार आधीपासूनच धास्तावलेले होते. २०१६ साली भारतातल्या एका मोठ्या कंपनीने इजिप्शियन कापूस म्हणून विकलेल्या चादरी त्या कापसाच्या नाहीत असं उघड झालं आणि अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने व्यवहारच तोडला. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचं प्रमाणपत्र देणाऱ्या जागतिक संस्थेला भारतातली सेंद्रिय कापसाची खोटी प्रमाणपत्रं सापडली, तीही सुमारे २०,००० टन कापसाची. त्यामुळे "आमचं सूत इथलंच आहे हो" या अण्णांच्या शब्दाला तिकडे कोणी किंमत देईना.

पहिल्यांदा एजंटाचा निरोप आला तेव्हा एका ऑर्डरमधलं सूत कोणत्या गिरणीचं, एवढं सांगायला नऊ दिवस लागले. व्यापाऱ्याची बिलं, डाइंगची चलनं, बीमच्या चिठ्ठ्या, विणाईवर देखरेख करणाऱ्या मास्तरांची खिशातली डायरी, सगळं एकत्र करून. तोवर माल निघालेला होता.

मग खरेदीदाराने सांगितलं की अमुक ब्लॉकचेन मंचावर या, नाहीतर पुढच्या हंगामाची ऑर्डर धरू नका. सादरीकरणाला मीही होतो. पहिलीच स्लाइड आंब्याची होती. वॉलमार्टने आयबीएमबरोबर केलेल्या प्रयोगात कापलेल्या आंब्याच्या एका पाकिटाचा मूळ बागेपर्यंतचा माग काढायला आधी सात दिवस लागले होते, ब्लॉकचेनवर २.२ सेकंद लागले. आकडा खरा आहे. पण ते २.२ सेकंद नोंद शोधायचे होते. नोंदी करायला बागेत, गोदामात, कारखान्यात किती माणसं किती वेळ खपली, ते त्या स्लाइडवर नव्हतं. आणि आमच्याकडचा सगळा खर्च नेमका तिथेच होणार होता.

साखळी म्हणजे काय

अण्णांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे ते बिटकॉइन का?" मी त्यांना त्यांचंच ई-इन्व्हॉइस दाखवलं. त्यावर आयआरएन असतो, अक्षरं आणि आकडे मिळून ६४ खुणांची लांबलचक माळ. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, बिलाचा प्रकार आणि आर्थिक वर्ष यांच्यावरून गणिताने काढलेला तो ठसा आहे. या चारांतला एक आकडा बदला, माळ पार वेगळी येते. यालाच हॅश म्हणतात. ब्लॉकचेनमध्ये नोंदींचा गठ्ठा बांधतात, त्याचा असा ठसा काढतात आणि तो पुढच्या गठ्ठ्यात घालतात. मग मधल्या एखाद्या गठ्ठ्यात मागाहून कोणी हात घातला तर तिथून पुढचे ठसे जुळत नाहीत. शिवाय वहीची प्रत अनेकांकडे असते, त्यामुळे एकट्याने गुपचूप पान बदलता येत नाही. आमची साखळी बिटकॉइनसारखी कोणीही येऊन लिहावं अशी नव्हती. परवानगी दिलेल्या खात्यांनाच लिहिता येत होतं.

हिशेबाच्या माणसाला यात नवं वाटावं असं फार नाही. पक्क्या वहीत आपणही खोडत नाही, चुकलं तर उलट नोंद टाकतो. आणि आयआरएन बघा, हॅश आहे पण ब्लॉकचेन नाही. सरकारवर सगळ्यांचा तेवढा भरवसा आहे म्हणून एकच पोर्टल चालतं. साखळीची गरज पडते ती अनेकांनी मिळून एका वहीत लिहायचं असतं आणि ती कोणा एकाच्या घरी ठेवायची कोणाची तयारी नसते, तेव्हा. लघुउद्योगांना त्यांच्या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या, देशातल्या तेव्हाच्या तिन्ही ट्रेड्स मंचांनी २०१८ मध्ये ब्लॉकचेन घेतली ती अशाच अडचणीतून. तिघं एकमेकांचे स्पर्धक. एकच बिल दोन मंचांवर दाखवून कोणी दोनदा पैसे उचलू नये हे तपासायचं होतं, पण आपली बिलं दुसऱ्याला दाखवायची नव्हती. ठसे जुळवले की काम होतं. वापराचं इतकं स्वच्छ उदाहरण मला क्वचितच दिसलंय.

पहिला अडथळा: एकच रकाना

टेरी टॉवेलला तीन सुतं लागतात. मागावर दोन बीम असतात, एक ग्राउंडचा म्हणजे पायाच्या कापडाचा, एक पाइलचा. पाइलच्या ताण्याचे फासे म्हणजे टॉवेलचा मऊपणा. आणि आडवा बाणा. तिन्ही सुतं वेगळ्या लॉटची, कित्येकदा वेगळ्या गिरणीची. मंचाच्या फॉर्मवर मात्र सुताच्या लॉटसाठी, म्हणजे तुकडीसाठी, एकच रकाना होता. तो बहुधा साध्या कापडाच्या हिशेबाने केलेला असावा. पहिले चार महिने मास्तर पाइलचा लॉट लिहीत राहिले, कारण वजनाने तोच जास्त. म्हणजे खरेदीदाराच्या पडद्यावर जे "संपूर्ण माग" म्हणून दिसत होतं, त्यात टॉवेलचा मोठा हिस्सा नव्हताच. ताईने मेल करकरून तीन रकाने करून घेतले तेव्हा कुठे फॉर्मला टॉवेल कळला.

दुसरा अडथळा डाइंगवाल्यांचा. त्यांनी सरळ विचारलं, "माझं नाव तिकडं दिसलं की उद्या तुमचा एजंट माझ्या शेजाऱ्याकडं जाऊन भाव पाडून मागणार. वजनं मी भरायची, वेळ माझा जाणार, मला काय मिळायलंय?" मला हा त्या सगळ्या काळात विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. नाव झाकायची सोय मंचावर होती, ती करून घेतली. आणि अण्णांनी एक कबूल केलं: ज्या दिवशी दोघांनी वजन मान्य केलं, त्या दिवसापासून मोजून बिल चुकतं करायचं. आधीची रीत अशी, की रंगाईत वजन घटलं त्यावरून डेबिट नोट (बिलातून कापायची चिठ्ठी) काढायची, तिच्या नावाखाली पैसे अडकवायचे आणि दिवाळीला तडजोड करायची. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या नियमानेही सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजा मिळेनासा झाला. त्यामुळे पैसे वेळेवर जाऊ लागले यातलं श्रेय साखळीचं किती आणि आयकराचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

लडीतलं पाणी

आता त्या तुटीकडे येतो.

डाइंगमध्ये सुताला घट येतेच. कच्च्या सुतातलं मेण, कचरा, तेल धुतलं जातं, वजन काही टक्के उतरतं. किती उतरावं यावरून भांडण. मंचावर प्रत्येक हातबदलाला दोन्ही बाजूंनी वजन भरायचं होतं, पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, त्याच दिवशी. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की लॉट लाल दिसायचा.

पहिल्या पावसाळ्यात वाइंडिंगचे लॉट लाल झाले. ते अपेक्षितच होतं, मावशींवरचा संशय आणखी घट्ट झाला. पण पुढच्या एप्रिल-मेमध्ये वाइंडिंग हिरवं आणि डाइंग लाल. तिकडून येणारं सूत कमी भरू लागलं. अण्णा डाइंगवाल्यावर चिडले. ताईने दोन्ही हंगामांचे लाल लॉट एका कागदावर तारखेने मांडले आणि तो कागद मास्तरांपुढे ठेवला. मास्तर बराच वेळ बघत बसले. मग उठून गेले, नुकत्याच आलेल्या गठ्ठ्यातली एक लडी काढली, शिलाई विभागातल्या लहान काट्यावर तोलली, वजन खडूने भिंतीवर लिहिलं आणि लडी रात्रभर पंख्याखाली टांगून ठेवली. ऑगस्ट होता. सकाळी लडी हलकी झाली होती. तिला कोणी हात लावला नव्हता, खोलीला कुलूप होतं, किल्ली मास्तरांकडे.

कापसाच्या सुतात पाणी असतंच. व्यवहारात पूर्ण कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के पाणी धरायची रीत आहे. म्हणजे अगदी कोरडं १०० किलो सूत १०८.५ किलो मानायचं. पावसाळ्यात बांबूवरच्या लडी नीट वाळत नाहीत. पाणी १३ टक्क्यांवर राहिलं तर तेच सूत ११३ किलो भरतं. साडेचार किलो पाणी सुताच्या भावाने काट्यावर चढतं आणि वाइंडिंगच्या फिरत्या चात्यांवर वाळून उडून जातं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की उलटं. डाइंगवाल्याच्या गच्चीवर सूत प्रमाणापेक्षा जास्त वाळतं, काट्यावर कमी भरतं आणि चोर तो ठरतो.

पावसाळ्यात बायका चोर, उन्हाळ्यात डाइंगवाला चोर. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, आणि हिशेब पाहणारा मी होतो. वजनं तेव्हाही लिहिली जात होती, पण तीन वह्यांत. एक काट्यावर, एक वाइंडिंगमध्ये, एक पूर्व भागात डाइंगवाल्याच्या गल्ल्याखाली. त्या वर्षातून एकदा समोरासमोर यायच्या, तेही भांडायला. तारखेने शेजारी शेजारी कोणी ठेवल्याच नव्हत्या. ठेवल्या असत्या तरी एकाच्या वहीवर दुसऱ्याने विश्वास ठेवला नसता, नंतर भरलंय म्हणाला असता. मंचावरची नोंद त्याच दिवसाची होती, दोघांची होती आणि मागाहून बदलता येत नव्हती. डाइंगवाल्यांनी तो कागद पाहिला आणि पहिल्यांदा वाद घातला नाही.

उपाय स्वस्त निघाला. सुतात सुई खुपसून ओलावा दाखवणारं हातातलं यंत्र घेतलं. आता काट्यावर वजनासोबत ओलावा लिहितात आणि ८.५ टक्क्यांवर आणून हिशेब करतात. अण्णा स्वतः वाइंडिंगमध्ये जाऊन बायकांशी बोलले. काय बोलले मला माहीत नाही, मी बाहेर होतो. त्या दिवाळीला बोनसच्या यादीवर तुटीचा शेरा नव्हता.

निळा तो निळाच

सगळं इतकं सरळ झालं नाही. दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत एका मागावर निळ्या बाण्याचे कोन संपले. हेल्परने रॅकवरचे आधीच्या ऑर्डरचे उरलेले निळे कोन लावले. पडद्यावर सगळं हिरवं, कारण पडद्याला बीमवरचं लेबल माहीत होतं, मागावर कोणता कोन चढला ते माहीत नव्हतं. सकाळी मास्तरांनी एक टॉवेल खिडकीच्या उजेडात धरला. मधोमध दोन बोटं रुंदीचा पट्टा, किंचित वेगळा निळा. मी जवळून पाहिला तरी आधी दिसला नाही, तिरपा धरल्यावर दिसला. हेल्परला विचारलं तर तो म्हणाला, "कोन संपलं की. निळा तो निळाच ना?" त्याला लॉटचं कोणी सांगितलंच नव्हतं.

अण्णांचं म्हणणं होतं की माल चांगला आहे, पट्टा गिऱ्हाइकाला दिसणार नाही, कशाला बोलायचं. ताईचं म्हणणं होतं की उरलेले कोन दुसऱ्या गिरणीचे, नोंद खोटी ठरते. दीड दिवस बापलेकीत बोलणं नव्हतं. शेवटी उलट नोंद टाकली, ते टॉवेल निर्यातीतून काढले आणि देशी बाजारात कमी भावाने विकले. नुकसान झालं, ते मी माझ्या तक्त्यात वेगळ्या ओळीत लिहिलं आहे. पुढे खरेदीदाराचा तपासनीस आला तेव्हा त्याने सगळ्यात आधी तोच लॉट मागितला आणि त्या उलट नोंदीवर बराच वेळ बसला. त्याला काय वाटलं ते अहवालात नव्हतं. ऑर्डर मात्र चालू राहिली.

तेव्हापासून पाळी संपताना उरलेले कोन तोलून वेगळ्या रॅकवर कुलपात जातात. ब्लॉकचेन नोंद जपते, नोंद खरी आहे की नाही हे तिला कळायचा काही मार्ग नाही. ते मास्तरांच्या डोळ्याचं काम.

सुरुवातीच्या टोकालाही हेच. आमची साखळी सुरू व्हायची ती सूत व्यापाऱ्याच्या बिलापासून. गिरणी कधी मंचावर आलीच नाही, तिचं पत्र जोडायचं एवढंच. कापसाची गाठ १७० किलोची, आणि गिरणीत अनेक गाठी एकत्र मिसळून सूत निघतं, म्हणजे एका कोनात कित्येक शेतांचा कापूस. भारतीय कापूस महामंडळ गाठींवर क्यूआर कोड लावून त्यांची नोंद ब्लॉकचेनवर ठेवू लागलं आहे, ते चांगलंच. पण टॉवेलच्या टॅगवर कोड स्कॅन केला की एका शेतकऱ्याचा हसरा फोटो दिसतो, तशी मागणी आमच्याकडेही आली होती. ताईने ती नाकारली. तो शेतकरी खरा असेल, पण तो टॉवेल त्याच्या कापसाचा आहे असं कोणीच सांगू शकत नाही. मला तिचा अभिमान वाटला.

कामगिरी बदलली का

मी मोजलं ते असं. खरेदीदाराच्या प्रश्नाला उत्तर द्यायला नऊ दिवस लागायचे, आता अर्धा तास पुरतो, तोही बहुतेक ताई जागेवर नसते म्हणून. टॉवेलचा भाव एका पैशाने वाढला नाही. हे ठळक सांगायला हवं, कारण सादरीकरणात "अधिक मोल मिळेल" असं आश्वासन होतं. मिळालं ते एवढंच, की ऑर्डर राहिली.

सगळ्यात मोठा फायदा कोणत्याही स्लाइडवर नव्हता. डाइंगवाल्यांना पैसे वेळेवर मिळू लागले तसे ते अण्णांच्या सुताला पाळी आधी देऊ लागले. रंगीत सूत ठरल्या दिवशी येऊ लागलं आणि सुताअभावी माग बंद पडायचे ते कमी झाले. कारखान्याचा पैसा लवकर बाहेर जाऊ लागला हे खरं, खेळत्या भांडवलावर ताण आला, पण मागावरच्या तासांनी तो भरून काढला. कॉस्टिंगच्या तक्त्यात हा फायदा "विणाई" या सदरात दिसतो, म्हणून तो साखळीमुळे आहे हे वरवर पाहणाऱ्याला कळणारही नाही.

आणि खर्च कोणाच्या अंगावर पडला तेही पाहायला हवं. वाइंडिंगच्या बायकांना किलोवर मजुरी. प्रत्येक कोनाला लेबल चिकटवायचं आणि मोबाइलने टिपायचं काम त्यांच्यावर आलं तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत त्यांची मजुरी उतरली. तक्रार कोणी केली नाही, मजुरीच्या वहीत मला दिसलं. मग लेबलसाठी वेगळी मुलगी ठेवली. तिचा पगार, लेबलं, मंचाचं शुल्क हे सगळं धरूनच हिशेब करायला हवा. कामगिरी सुधारली असं म्हणताना त्या दोन महिन्यांची मजुरी कोणी भरली हे विसरलं तर हिशेब खोटा होतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर यातला बराचसा फायदा ओलाव्याच्या यंत्राने, कुलूपबंद रॅकने आणि वेळेवर दिलेल्या बिलाने झाला. या तिन्ही गोष्टी ब्लॉकचेनशिवाय करता आल्या असत्या. इतकी वर्षं केल्या मात्र नव्हत्या. बाहेरच्या कोणीतरी रोज दोघांनी मिळून वजन लिहायला भाग पाडलं, तेव्हा त्या सुचल्या.

वही नेमकी कोणाच्या घरात

पहिलं वर्ष शुल्क खरेदीदाराने भरलं. दुसऱ्या वर्षी ते कारखान्यावर आलं, प्रत्येक लॉटमागे. ताईने विचारलं की आमच्या नोंदींची आमच्याकडची प्रत कुठे आहे. उत्तर आलं की सगळ्या प्रती मंच चालवणाऱ्या कंपनीच्याच क्लाउड खात्यात आहेत, हवं तर पीडीएफ काढून देऊ. म्हणजे वही कोणाच्याच घरात नाही असं आम्ही समजत होतो, ती खरेदीदाराच्या माणसाच्या घरात होती. डाइंगवाल्यांना हे सांगताना मला जड गेलं. ते हसले आणि म्हणाले, "पण वजन तर खरं होतं ना?"

या बाबतीत मोठ्यांचीही दमछाक झाली आहे. मर्स्क आणि आयबीएमने २०१८ मध्ये जहाजमालाच्या कागदांसाठी ट्रेडलेन्स काढलं, ते बंद करत असल्याचं २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. सगळ्या जहाजधंद्याचं हवं तसं सहकार्य मिळालं नाही, आणि वही एका स्पर्धकाच्या घरात होती हे त्याचं एक कारण मानलं जातं. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली व्यवहारपूर्तीची यंत्रणा ब्लॉकचेनवर नेण्याचा प्रकल्प थांबवला आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत काढले. अण्णांचं शुल्क त्यापुढे चिल्लर. पण त्यांचा मंच उद्या बंद झाला तर दोन वर्षांच्या नोंदी पीडीएफमध्येच उरणार होत्या.

ताईने मार्ग काढला. कारखान्याच्या कॉम्प्युटरवर साधी डेटाबेसची वही, हातबदलाला दोघांच्या सह्या, रोज रात्री दिवसभराच्या नोंदींचा एक हॅश काढून डाइंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. तेही त्यांच्याकडून आपला पाठवतात. दोघांकडे एकमेकांचा ठसा. खरेदीदाराच्या मंचाला हवी तेवढी माहिती या वहीतून जाते. साखळीचा गाभा तेवढाच आहे आणि त्याला दरमहा काही लागत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं. मागावरची ऑर्डर पूर्ण झाली, पुढची आली नाही. सुताचा माग कितीही चोख असला तरी त्या शुल्कापुढे त्याचं काही चाललं नाही, आणि माझ्या त्या वर्षीच्या तक्त्यात आधीचे सगळे फायदे या एका ओळीखाली गेले. आता एजंट युरोपातला खरेदीदार पाहतोय. तिकडे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमाखाली कापडाला डिजिटल पासपोर्ट द्यावा लागणार आहे, त्याची विचारणा सुरू झालीय.

गेल्या आठवड्यात त्यांचा फॉर्म आला. काट्यावर छोटा हत्ती उभा होता, डाइंगवाल्यांचा मुलगा लडीत सुई खुपसून आकडा मोठ्याने सांगत होता, मावशी तो वहीत लिहीत होत्या. ताईने लॅपटॉप तिथेच उघडला. सुताच्या लॉटसाठी पुन्हा एकच रकाना. तिने मेल लिहायला घेतला. मुलाने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात आमचं नाव दिसतंय का, ताई?" तिने तो प्रश्नही मेलमध्ये घातला. उत्तर अजून आलेलं नाही.